नाव घेऊन विचारायचे प्रश्न

१

माझं काम काय ते सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग हातातला चहा खाली ठेवतात. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी जायचं, सतरंजीवर बसायचं आणि विचारायचं, कशानं गेलं? ताप होता का, खोकला होता का, धाप लागत होती का. शहराच्या कडेला वसलेल्या वस्त्यांमधली माणसं बहुतेक घरातच मरतात, आणि डॉक्टरचा कागद कुणाजवळ नसतो. म्हणून घरच्यांच्या तोंडून दुखणं काढायचं आणि पुण्याच्या ऑफिसला पाठवायचं. तिथले डॉक्टर उत्तरं वाचून मरणाचं कारण ठरवतात, मेलेल्याचं तोंडही न बघता. ऐकायला विचित्र वाटतं, पण कोणत्या वस्तीत माणसं कशानं मरतात हे सरकारला दुसऱ्या कुठल्या वाटेनं कळणार? मला तरी त्यात काही वावगं वाटत नाही.

भंडाऱ्यात माझ्याकडे ज्या वस्त्या होत्या त्यांतली एक मिलटोली. राईस मिलच्या मागे, नहराच्या काठाकाठानं गेलेली. सिहोऱ्याकडची, दिघोरीकडची माणसं धान कापून झालं की पोती उचलायला आणि बांधकामावर यायची, ती हळूहळू इथंच राहिली. भिंती टिनाच्या नाहीतर बांबूच्या तट्ट्याच्या, वर कवेलूंचं छप्पर. दिवसभर मिलची घरघर चालू असते आणि धानाच्या तुसाची राख उडून सगळ्यांवर सारखी बसते. मी स्वतः जवळच्याच कोंढा गावची, त्यामुळे बोली कळते आणि कोणाला काय वाटेल तेही कळतं, असा माझा समज होता.

आमच्या कामाचे नियम मोजके आणि कडक. प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, आपल्या पदरचं काही घालायचं नाही. विचारून झालं की गप्प बसायचं, समोरच्याला आठवू द्यायचं. आणि दर प्रश्नात गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं, नाहीतर म्हाताऱ्या बायका नवऱ्याचं दुखणं सासऱ्याला जोडून देतात. हे शेवटचं तर आपल्याला लक्षातही ठेवावं लागत नाही. टॅबमध्ये एकदा नाव भरलं की पुढच्या प्रत्येक प्रश्नात ते आपोआप येऊन बसतं.

पूर्वी आम्ही महिना-दोन महिने थांबून जायचो. पण वस्तीतले लोक तेराव्या दिवसाची तेरवी झाली की दाराला कुलूप घालून दुसऱ्या कामावर निघून जातात, मग बसा शोधत. म्हणून यंदा पुण्याहून नवा नियम आला, तेरवीच्या आत घर गाठा. आठवण ताजी असते, असं आमचे सर मीटिंगमध्ये म्हणाले. मी मान हलवली, कारण मुद्दा बरोबरच होता.

२

कुंताबाईची सून रुपा बाळंतपणानंतर तापानं गेली होती. घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत चूल, सतरंजी, कोपऱ्यात जळता दिवा. मागच्या खोलीला दार नव्हतं, एक जुनं लुगडं आडवं बांधलं होतं. तिला खिडकीही नव्हती. मागं टिन, त्याच्या मागं नहर.

"बसा जी म्याडम. सुतक आहे, चहा नाही देत," कुंताबाई म्हणाली.

कुंताबाई विधवा, हातात पितळेचं एक कडं. तिच्या मांडीवर रुपाचा मुलगा होता, आणि तो गळा काढून रडत होता. रडून रडून आवाज घोगरा झालेला. आमच्या अभ्यासात वर्षाच्या आतल्या लेकरांचं वजनही घ्यायचं असतं. मी छताच्या बल्लीला काटा अडकवला, त्याच्या खाली कापडाची झोळी, आणि त्याला टांगलं. काट्यावरही तो रडतच होता. वजन कमीच होतं, पण घाबरावं असं नव्हतं. मग कुंताबाईनं वाटी-चमच्यानं दूध पाजलं. थोडं प्यायला, थोडं सांडलं, आणि हुंदके देत झोपला. तिनं त्याला आत नेऊन पाळण्यात ठेवलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

मी वाचायला सुरुवात केली. रुपाला ताप होता का? रुपाला थंडी वाजून ताप येत होता का? रुपाच्या ओटीपोटात दुखत होतं का?

"होता जी. हुडहुडी भरे. पोट धरून बसे ते."

कुंताबाई सुनेचं नाव घेत नव्हती. 'तिले', 'पोरीले', 'गेली ते' असं चाललं होतं. दर वेळी मी 'रुपा' म्हटलं की तिची नजर दिव्याकडे जायची. दुःखात माणूस कुठंही बघतं. मी वाचत राहिले.

"रुपाच्या छातीत दुखत होतं का?"

कुंताबाई आठवू लागली. तेवढ्यात मिलची जेवणाची सुट्टी झाली असावी, कारण घरघर एकदम थांबली. सतत चालणारा आवाज थांबला की कानात जरा वेळ दडे बसतात. मी नियमाप्रमाणे गप्प बसून होते.

लुगड्यामागं काचेच्या बांगड्या वाजल्या. मग बाईचा आवाज आला. थकलेला, झोपेतून उठल्यासारखा.

"दूध दाटलं होतं. दगडावानी."

मी ते टॅबमध्ये भरलं. बोटांना सवय आहे, ऐकलं की लिहायचं. लिहून झाल्यावर मी मान वर केली. कुंताबाई लुगड्याकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती.

"आत कोण आहे?"

"कोनी नाही जी."

"आत्ता बोललं ना कुणीतरी. दोघी उत्तरं देत असाल तर तसं लिहावं लागतं मला."

"लेकरू आहे आत. झोपला." ती उठून उभी राहिली. "बस करा जी आज. बाकीचं मंग पाहू."

तिचे ओठ पांढरे पडले होते. अर्धी राहिलेली चौकशी मी तशीच जतन केली आणि निघाले.

३

टिनाच्या भिंतीला कान असतात असं म्हणायची गरज नाही, टिनाची भिंत म्हणजेच कान. शेजारच्या घरातला चमचा पडला तरी आपल्या ताटात पडल्यासारखा वाटतो. म्हणजे आवाज शेजारचा. मी शेजारच्या दाराशी गेले. त्याला कुलूप होतं.

नळावर शेजारीण भेटली, शकुबाई. केसांवर राख, कमरेला पदर खोचलेला. मिलमध्ये पोती शिवायचं काम करते.

"घरी होत्या का आत्ता?"

"नाही जी, सुट्टी झाली तं आत्ताच येऊन रायली. काहून?"

तिच्या मनगटांवर बांगड्या नव्हत्या. माझी नजर तिला कळली असावी. "पोत्याच्या दोऱ्यात अडकून फुटते," ती म्हणाली. "कामाले घालतच नाही."

मग मोबाईल असेल. कोणाच्या तरी घरची मालिका असेल. किंवा कुंताबाईच पुटपुटली असेल आणि मला आवाज मागून आल्यासारखा वाटला असेल. उन्हात फिरून डोकं तापलेलं असतं, पोटात सकाळचा एक आलूपोंगा. अशा वेळी माणसाला काहीही ऐकू येऊ शकतं. आता ते उत्तर ठेवायचं की खोडायचं? दूध दाटणं हे काही भुताटकीचं लक्षण नव्हे. बाळंतिणीला ताप आला आणि लेकरू अंगावर पीत नसलं की दाटतंच. मी ठेवलं. पुण्याच्या डॉक्टरांना त्याचा उपयोगच होणार होता.

घरी जाऊन जेवले आणि झोपले. झोप चांगली लागली.

४

राहिलेली चौकशी पूर्ण करायला मी पुन्हा गेले तेव्हा नळावर शकुबाईच होती.

"लेकरू आता रडत नाही जी," ती आपणहून म्हणाली. "माय गेली तवापासून दिवसरात रडे. टिनातून सारं ऐकू ये, झोप नव्हती कोणाले. तुमी येऊन गेल्या अन् गप्प झाला."

"बरं झालं की मग."

शकुबाईनं घागर उचलली. कुंताबाईच्या दाराकडे न बघता ती निघून गेली.

कुंताबाईच्या घराला वळसा घालून नहराच्या बाजूनं वाट आहे. तिथं रुपाचा नवरा सूरज मागच्या खोलीच्या टिनाला पाठ लावून उकिडवा बसला होता. मिलमध्ये हमाली करतो, उंच, दांडगा माणूस. भर दुपारी उन्हात कशाला बसलाय, असं मनात आलं, पण मी विचारलं नाही. त्याचं डोकं टिनाला असं टेकलं होतं की कान भिंतीला लागावा.

आत कुंताबाईच्या पुढ्यात दुधाची वाटी होती, आणि दुधावर साय धरली होती.

"पीत नाही?"

"तोंडच फिरवते जी. भरल्या पोटी झोपते अन् भरल्या पोटी उठते."

तिनं त्याला आतून आणलं. लेकरू शांत होतं. ओठ ओले, हनुवटीवर दुधाचा थेंब वाळलेला. अंगाला त्या आंबूस-गोड दुधाचा वास, जो अंगावर पिणाऱ्या लेकरालाच येतो, पावडरच्या दुधाचा येत नाही. हा फरक मला चांगला कळतो, रोज लेकरं हातात घेते मी. डोळे अर्धवट मिटलेले, चेहऱ्यावर तृप्ती.

मी काटा लावला आणि त्याला टांगलं. काटा पहिल्या दिवसाच्या आकड्याच्या खाली थांबला. थोडा खाली नव्हे. मी त्याला काढलं, काटा शून्यावर आणला, पुन्हा टांगलं. पुन्हा तेच.

आता मात्र मी घाबरले. भुताला नाही, काट्याला. एवढ्या दिवसांत एवढं वजन उतरलेलं लेकरू पुढच्या आठवड्यात हाताशी राहील असं सांगता येत नाही, आणि हे तर हसतमुखानं उतरत होतं.

५

"तुमी तिले हाक मारली," सूरज दारात येऊन उभा होता.

"काय?"

"आमच्या इकडं तेरवी होईस्तोवर गेलेल्या मानसाचं नाव घरात घेत नाही. तुमी कोंढ्याच्या ना? तुमाले म्हाईत नाही?"

माहीत होतं. आमच्या घरी आजोबा गेले तेव्हा आई 'मोठे' म्हणायची, नाव नाही. पण शिकलो, टॅब हातात आला, आणि असल्या गोष्टी कुठल्या कुठं गेल्या. पहिल्या दिवशी त्या खोलीत बसून मी दर वाक्याला 'रुपा, रुपा' म्हणत होते, आणि म्हणून गप्प बसत होते. कोणी 'ओ' द्यावी म्हणून थांबल्यासारखी.

"हे बघा भाऊ, ते नंतर. आधी दवाखाना."

मी ऑटो आणला, लेकरासकट कुंताबाईला आणि सूरजला बसवलं आणि स्वतः बरोबर गेले. दवाखान्यात लेकराला ठेवून घेतलं, रक्त तपासलं, छाती तपासली. काही निघालं नाही. नर्स वाटी-चमच्यानं दूध घालायची आणि ते ओठाच्या कडेनं तसंच बाहेर यायचं. शेवटी ती वैतागली. "भरलंय हो याचं पोट. सारखं सारखं काय पाजता?" नळी घातली तर घातलेलं सगळं परत आलं. मग डॉक्टर म्हणाले, नागपूरला न्या. सूरज लेकराला घेऊन उठला आणि नागपूरच्या ऐवजी सरळ घरी गेला.

मला हे शकुबाईच्या फोननं कळलं. रागानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अडाणीपणा, दुसरं काय. मी तरातरा मिलटोलीत पोचले ती भांडायच्या तयारीनंच.

६

कुंताबाईनं मला भांडू दिलं नाही. दारातच हात धरून खाली बसवलं.

"नागपूरले नेलं तरी तेच होइन जी. तितंही येईन ते. लेकराजवळ येऊन रायली, घराजवळ नाही."

"मी हे मानत नाही, मावशी."

"नका मानू. पन तुमी अर्धं सोडून गेल्या. हाक मारली, विचारलं, अन् उठून गेल्या. आता तुमीच बोला तिच्यासंगं. सांगा तिले."

"मी कशाला? तुम्ही सांगा. तुमची सून."

"आमी बोललो तं ते कायले जाईन? घरच्याईनं बोलावलं म्हणून राहूनच जाईन."

कुंताबाई पदरानं डोळे पुसू लागली, आणि मग तिनं जे सांगितलं ते कुठल्याच प्रश्नात बसणारं नव्हतं. रुपाला ताप चढला तेव्हा ताप लेकराला लागेल म्हणून तिनंच लेकरू वेगळं ठेवलं होतं. पुढच्या खोलीत. मागच्या खोलीत रुपा, मध्ये हे लुगडं. लेकरू भुकेनं रडायचं आणि रुपा आतून हात जोडायची, आणा ना जी, एक डाव आणा. छाती दगडासारखी झाली होती तिची. कुंताबाईनं आणलं नाही. हिरवा चुडा भरून, हळद लावून, पायाला माहुराचा लाल रंग लावून सवाष्ण म्हणून पाठवली, तेव्हाही तिच्या लुगड्याला दुधाचा डाग होता.

"अन् सूरज?" मी विचारलं.

"तो मांगं जाऊन बसते. बांगड्या ऐकते तिच्या. मी म्हणलं, बाबू, लेकरू जाईन असं. तो म्हणते, एक दिवस अजून, माय. एक दिवस अजून."

मला त्या माणसाचा राग यायला हवा होता. तो आला नाही. मी उठून मागच्या वाटेनं गेले. सूरज तसाच टिनाला टेकून बसला होता. मी समोर उभी राहिले तरी त्यानं मान उचलली नाही.

"सूरजभाऊ, तुमचं लेकरू मरून रायलं आहे," मी त्याच्याच बोलीत म्हटलं.

तो बोटानं जमीन उकरू लागला. मग म्हणाला, "बोला तिच्यासंगं. म्या नाही अडवत."

७

तेरवीला एक दिवस उरला होता. मी दुपारीच गेले, मिलची सुट्टी व्हायच्या बेताला. का गेले, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. मी त्यावर विश्वास ठेवला म्हणून नव्हे. डॉक्टर थकले होते, आणि म्हाताऱ्या बाईच्या मनासारखं करून तिला उद्या लेकरासकट नागपूरच्या गाडीत बसवता येईल, असा माझा हिशोब होता. हे खरं आहे. पण वाटेत माझी पावलं जड होत गेली, हेही खरं आहे.

कुंताबाई आणि सूरज बाहेर बसले. लेकरू आत पाळण्यात होतं. मी लुगड्याच्या अगदी वरच्या बल्लीला काटा अडकवला, खाली झोळी सोडली, आणि सतरंजीवर बसून टॅब उघडला. अर्धी राहिलेली चौकशी तिथंच उभी होती.

मिल थांबली.

"रुपा," मी म्हणाले. प्रश्नाशिवाय नुसतं नाव मी पहिल्यांदाच घेतलं.

बांगड्या वाजल्या.

"हो जी."

शाळेत हजेरीला पोरी म्हणतात, तितकं साधं. मला भीती वाटली. पळावंसं वाटलं. मग मला जे येतं ते मी केलं. पुढचा प्रश्न वाचला.

"शेवटच्या दिवसांत रुपा बाळाला पाजत होती का?"

"देलं नाही जी माझ्याजवळ. तिकडं रडे तो. मले ऐकू ये."

मी नियमाप्रमाणे गप्प बसले. आत पाळण्याची दोरी हळूच करकरली.

"आता पाजून रायली ना मी," आवाज म्हणाला. त्यात आनंद होता, आणि तेच मला सहन झालं नाही. "पोटभर."

"रुपा, त्याचं वजन उतरतंय."

"काहून?"

"तुझं दूध त्याच्या अंगी लागत नाही."

"लागते. कसा झोपते, पाहा."

"तो झोपत नाही. गळून जातो."

आत काहीच आवाज झाला नाही. श्वासाचाही नाही, आणि लेकराचा श्वास तरी ऐकू यायला हवा होता. मी उठले. भिंतीला धरत धरत लुगड्यापाशी गेले आणि काट्याच्या तबकडीकडे तोंड करून उभी राहिले.

"काटा लावलाय इथं," मी म्हणाले. "तूच ठेव त्याला. माझ्यावर विश्वास नको ठेवू."

काटा वाचताना नजर काट्यावरच ठेवायची असते. मी ती तिथंच ठेवली. लुगडं हललं. ओल्या हळदीचा वास आला, आणि दुधाचा. झोळीत वजन आलं. तबकडीची सुई थरथरली, वर गेली, खाली आली आणि थांबली. नजरेच्या खालच्या कडेला मला दोन हात दिसले. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या, बोटांच्या पेरांत हळद वाळून भेगाळलेली. हात झोळीला लागलेले नव्हते. झोळीच्या खाली ओंजळ धरून होते.

लेकरू काट्याला टांगलं की कुठलीच आई हात पुरते काढत नाही. पडेल म्हणून खाली धरून उभी राहते. हात काढा बाई, वजन चुकतं, असं मी रोज कोणाला ना कोणाला सांगते. त्या दिवशी नाही सांगितलं.

मी आकडा मोठ्यानं वाचला. मग पहिल्या दिवशीचा आकडा सांगितला.

हात तसेच राहिले. मग बांगड्या एकमेकींवर वाजू लागल्या.

"मले नाही कळलं जी," ती म्हणाली. "मले वाटलं, भरून रायलं पोट."

"आता आजीला पाजू दे."

"रडन तो."

"रडू दे. रडला तर दूध मागेल."

"अन् मी नुसतं ऐकू काय?"

प्रश्न विचारायची माझी आयुष्यभराची सवय. उत्तरं द्यायची नाही. मी काट्याकडे बघत उभी राहिले. थोड्या वेळानं नजरेच्या कडेला हात उरले नव्हते, आणि लुगडं स्थिर झालं होतं.

झोळीत लेकरानं तोंड उघडलं. आधी आवाज निघाला नाही, नुसता जबडा थरथरला. मग तो रडला. घोगरा, संतापलेला, भुकेला आवाज.

८

कुंताबाई धावतच आत आली. मी लेकराला तिच्या मांडीवर दिलं, तिनं वाटी उचलली आणि चमचा लावला. पहिला घोट बाहेर आला. दुसरा राहिला. मग तो अधाशासारखा चमच्याच्या मागं तोंड नेऊ लागला. ठसका लागला, रडला, पुन्हा प्यायला. कुंताबाई हसत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी वाटीत पडत होतं. मलाही रडू आलं. कामावर असताना मी रडत नाही, पण त्या दिवशी आलं.

वाटी संपली. पोट भरलं तरी तो थांबला नाही. मान वळवून लुगड्याकडे बघत, हात त्या दिशेला टाकत, तो रडतच राहिला.

सूरज दाराशी आला होता. "गेली काय जी?" त्यानं विचारलं.

हो म्हणायला मी तोंड उघडलं, आणि बांगड्या वाजल्या. मागच्या खोलीच्या कोपऱ्यातून त्या हळूहळू पुढं आल्या. लेकराच्या प्रत्येक हुंदक्याला एक पाऊल, असं वाटलं. अगदी लुगड्यापाशी येऊन थांबल्या. लुगड्याचं कापड एका जागी, कपाळाच्या उंचीवर, जरासं आमच्या बाजूला फुगलं. खाली जमिनीपाशी माहूर लावलेली पायाची बोटं दिसली, घराच्या उंबऱ्याशी परकं माणूस उभं राहतं तशी, आत न टाकलेली.

ती गेली नव्हती. पण आपणहून पुढंही येत नव्हती. ती उभी होती, कोणी बोलावेल म्हणून.

तेरवीला अजून एक रात्र होती, आणि तोवर तिचं नाव कोणाच्याही तोंडून निघायला नको होतं. हे आम्हा तिघांनाही एकदमच कळलं असावं. कुंताबाईनं डोळे मिटून घेतले आणि लेकराला छातीशी धरून "उगी, उगी" म्हणत झुलू लागली. मी टॅब पालथा घातला, कारण पडद्यावर तिचं नाव होतं आणि माझ्या जिभेला दिसेल ते वाचायची खोड आहे. सूरजचे ओठ उघडले. त्या नावाचं पहिलं अक्षर मला त्याच्या तोंडावर दिसलं. मग त्यानं खांद्यावरचा दुपट्टा ओढला, गोळा करून तोंडात कोंबला, आणि दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. त्याचं सगळं अंग हलत होतं, पण आवाज येत नव्हता.

बाहेर मिल पुन्हा सुरू झाली. आम्ही तिघं तसेच बसून राहिलो. त्या घरात मोठ्यानं फक्त लेकरू रडत होतं, आणि त्याला अजून कोणाचं नाव घेता येत नव्हतं.